साधा मीटर हवाय? आधी बिलावरचा हा एक आकडा बघा

मागच्या महिन्यात नानांनी व्हॉट्सॲपवर वीजबिलाचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती: "आपला जुना साधा मीटर परत बसवून मिळतो का बघ."

नाना म्हणजे माझे वडील. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं यंत्रमागाचं शेड आहे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि शेडमध्ये मागांचा खडखडाट, या तीन आवाजांत मी लहानाचा मोठा झालो. आता पुण्यात कोड लिहितो. त्यामुळे प्रिंटर, वायफाय, इन्व्हर्टर, मीटर, जे जे विजेवर चालतं ते सगळं घरच्यांच्या मते माझ्या खात्यात येतं.

मी उत्तर टाइप करायला घेतलं होतं, "नाही मिळत नाना, आता सगळीकडे नवीनच मीटर." पण पाठवण्याआधी बिल झूम करून बघितलं. वापरलेली युनिटं बेताचीच होती, रक्कम मात्र त्या मानाने बरीच जास्त. आणि वरच्या भागात एक आकडा होता ज्याकडे आमच्या घरात कित्येक वर्षांत कुणी बघितलंच नव्हतं: मंजूर भार, ४० एचपी.

आमच्या शेडमध्ये एकेकाळी २४ माग होते. आज ८ आहेत. बाकीचे १६ गेल्या काही वर्षांत भंगारात गेले, किलोवर. माग गेले, कामगार गेले, पण कागदावर आम्ही अजून २४ मागांचे मालक आहोत आणि बिलही त्याच हिशेबाने येतंय.

म्हणून हा लेख. तुमच्या घरचं दुकान असो, वर्कशॉप असो, बंद पडत चाललेला कारखाना असो, "मीटर बदलून साधा बसवा" अशी मागणी तुमच्याकडे कधीतरी येणारच. तेव्हा काय बघायचं ते आज समजून घेऊ.

"साधा मीटर" म्हणजे नेमका कोणता?

लोक "साधा मीटर" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, जुना चकतीवाला मीटर. काचेच्या आत ॲल्युमिनियमची चकती गरगर फिरायची तो. तो आता विसरा. त्याची जागा इलेक्ट्रॉनिक मीटरने कधीच घेतली आहे.

दुसरी, "स्मार्ट नको, प्रीपेड नको" हा अर्थ. सध्या बातम्यांत आणि मोर्च्यांत जो वाद दिसतो तो याच्याबद्दल आहे.

तिसरी, कमी कलमांचं बिल. म्हणजे ज्यात केव्हीए, मागणी आकार, पॉवर फॅक्टर असलं काही नाही, फक्त युनिट गुणिले दर आणि एक ठरलेला स्थिर आकार. छोट्या धंदेवाल्याला खरं तर हेच हवं असतं. फक्त त्याला ते मीटरचं काम वाटतं. ते मीटरचं नाही, कराराचं काम आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: मीटर कोणत्या तंत्राचा असावा हे तुमच्या हातात फारसं नाही. पण तुमचं कनेक्शन कोणत्या गटात, किती भाराचं आणि किती फेजचं असावं, हे बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे. आणि पैसा तिथेच आहे.

आधी स्मार्ट मीटरचं काय चाललंय ते बघू

केंद्र सरकारने २०२१ मध्ये वीज वितरण कंपन्यांच्या सुधारणेसाठी आरडीएसएस नावाची योजना आणली. देशभरात २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायचं लक्ष्य त्यात होतं. महाराष्ट्रात महावितरणने २०२३ मध्ये विभागवार कंत्राटं दिली. त्यानंतर राज्यभर विरोध सुरू झाला आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं की सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत. पुढे तेच स्मार्ट तंत्र असलेले मीटर पोस्टपेड पद्धतीने, "टीओडी मीटर" या नावाने बसू लागले. टीओडी म्हणजे टाइम ऑफ डे. वीज किती वापरली याबरोबर ती कधी वापरली, हेही हा मीटर नोंदवतो.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. प्रीपेड-पोस्टपेड हा पैसे भरण्याचा प्रकार आहे. स्मार्ट-साधा हा रीडिंग पोचवण्याचा प्रकार आहे. स्मार्ट मीटर ठरावीक मिनिटांनी रीडिंग नेटवर्कवरून पाठवतो, साध्या मीटरचं रीडिंग माणूस येऊन घेतो. पण दोघंही मोजतात एकच वीज. मीटर बरोबर असेल तर फक्त तो स्मार्ट झाला म्हणून युनिटं वाढत नाहीत.

"मीटर बरोबर असेल तर" हे मी मुद्दाम लिहिलं. शंका आली तर काय करायचं त्याचीही सोय नियमात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली, तर तक्रार मिळाल्यापासून ५ दिवसांत कंपनीने शेजारी दुसरा मीटर बसवायचा आणि तो किमान ३ महिने ठेवायचा. दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायचे. शंका असेल तर भांडण्याआधी हा अर्ज करा.

२० किलोवॅटची रेषा

आता आपल्या मूळ मुद्द्यावर येऊ.

महाराष्ट्रात विजेचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. लघुदाबाच्या ग्राहकांचे गट असतात: घरगुती, व्यापारी म्हणजे बिगर-निवासी, औद्योगिक वगैरे. यंत्रमाग औद्योगिकमध्ये येतात, पण त्यांचा वेगळा उपगट आहे. व्यापारी आणि औद्योगिक या दोन्ही गटांत २० किलोवॅटला एक रेषा मारलेली आहे.

रेषेच्या खाली बिल साधं असतं. स्थिर आकार कनेक्शनमागे ठरलेला, महिन्याला एकदा. तुमचा मंजूर भार ५ किलोवॅट असो की १९, आकार तोच. आणि युनिट मोजायचं ते केडब्ल्यूएचमध्ये, म्हणजे आपल्या ओळखीचं साधं युनिट.

रेषेच्या वर गेलात की दोन गोष्टी बदलतात. स्थिर आकार कनेक्शनमागे न लागता केव्हीएमागे लागतो. आणि एप्रिल २०२० पासून युनिटंही केव्हीएएचमध्ये मोजली जातात.

२० किलोवॅट म्हणजे किती? १ एचपी म्हणजे साधारण ०.७४६ किलोवॅट. भागाकार केला की उत्तर येतं जवळपास २७ एचपी. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, कुठल्याही मागवाल्याला "सत्तावीस एचपी" म्हणून बघा, त्याचे कान टवकारतील. कारण सरकारी सवलतही याच आकड्यावर फिरते. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने २७ एचपीपर्यंतच्या यंत्रमागांना युनिटमागे १ रुपया आणि त्यावरच्यांना ७५ पैसे अशी अतिरिक्त सवलत ठरवली. लोकांना आकडा पाठ आहे. तो नेमका का आहे, आणि आपण आज त्याच्या कोणत्या बाजूला असायला हवं, हे मात्र पुष्कळांनी तपासलेलं नाही. आम्हीही त्यातलेच.

केव्हीए म्हणजे काय? धोट्याकडे बघा

इंजिनिअरिंगला हा धडा मला पाठ होता, पण समजला तो शेडमध्ये.

मागावर धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे पळत असतो. कापड वाढतं ते त्याने सोडलेल्या बाण्याच्या धाग्यामुळे. धोटा स्वतः काही कापडात जात नाही, तो परत येतो. पण तो पळाला नाही तर कापडही नाही, आणि त्याला पळवायला जागा आणि जोर दोन्ही लागतात.

मोटरचं तसंच आहे. मोटरला चुंबकीय क्षेत्र तयार करायला थोडी वीज लागते. ती खर्च होत नाही, वायरमधून नुसती ये-जा करत राहते. काम करणारी वीज म्हणजे किलोवॅट. काम करणारी आणि ये-जा करणारी, दोन्ही मिळून वायरवर जो एकूण भार पडतो तो केव्हीए. किलोवॅट भागिले केव्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर. (दोन्हींची बेरीज सरळ होत नाही, काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखी होते. ज्यांना परीक्षा आहे त्यांच्यासाठी सांगितलं.)

पॉवर फॅक्टर १ असेल तर केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच सारखेच. पण जुन्या मोटरी, त्यात अर्ध्या भारावर चालणाऱ्या, यांचा पॉवर फॅक्टर सहज ०.७ पर्यंत खाली येतो. मग काम झालं १,७५० युनिटांचं आणि बिलावर लागले २,५०० केव्हीएएच. यावर एक उपाय कपॅसिटर बसवणं. दुसरा उपाय, तुमचा वापर खरंच छोटा झाला असेल तर, केव्हीएएचच्या गटातूनच बाहेर पडणं.

बाकी राहिली "मागणी". महिन्याभरात तुम्ही एका वेळी जास्तीत जास्त किती भार ओढला, तो आकडा म्हणजे कमाल मागणी. मीटर तो १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासरीने नोंदवतो, त्यामुळे मोटर सुरू होतानाचा दोन सेकंदांचा झटका फारसा मोजला जात नाही. रेषेच्या वरच्या ग्राहकाला मागणी आकार लावताना दोन आकडे बघतात: नोंदलेल्या मागणीचा ठरावीक टक्का आणि करारातल्या मागणीचा ठरावीक टक्का. यातलं जे जास्त असेल त्यावर पैसे.

हे नीट वाचा. म्हणजे तुम्ही वापर कितीही कमी केला तरी करारातला आकडा तुम्हाला एका मर्यादेखाली उतरू देत नाही. दिवाळीत शेड आठ दिवस बंद ठेवा, नाहीतर गड्ड्याच्या जत्रेला सगळे कामगार सुट्टीवर जाऊ द्या, तो भाग चालूच.

आमच्या शेडचा हिशेब

मी नानांना सांगितलं, रोज संध्याकाळी शेड बंद करताना मीटरच्या डिस्प्लेचा व्हिडिओ काढून पाठवा. डिस्प्लेवर आकडे एकामागून एक सरकत राहतात, त्यात केव्हीए असं लिहिलेला कमाल मागणीचा आकडाही येतो. पहिल्या आठवड्यात व्हिडिओत मीटरपेक्षा नानांचं बोटच जास्त दिसलं. मग जमलं. महिनाभराचे आकडे मी एका शीटमध्ये टाकले.

निकाल असा. करारातली मागणी ३७ केव्हीए. महिन्याभरात सर्वांत जास्त नोंदलेली मागणी १३ केव्हीए.

आता टक्के आणि दर आयोगाच्या आदेशाप्रमाणे बदलत असतात, म्हणून समजायला सोपे आकडे धरतो. तुम्ही तुमच्या बिलावरचे घाला. समजा नोंदलेल्या मागणीचे ६५ टक्के किंवा करारातल्या मागणीचे ४० टक्के, यातलं जास्त ते लागतं. १३ चे ६५ टक्के साडेआठच्या आत. ३७ चे ४० टक्के जवळपास १५. म्हणजे बिल १५ केव्हीएवर. दर केव्हीएला ३०० रुपये धरला तर महिन्याला ४,५०० रुपये. रेषेखाली असतो आणि कनेक्शनमागे ५०० रुपये धरले असते तर फरक ४,००० रुपयांचा. वर्षाला ४८,००० रुपये. एकही युनिट न वाचवता.

आठ मागांवर चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या शेडसाठी ४८,००० ही छोटी रक्कम नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, नाव देशभर आहे, पण नगामागे हातात काय उरतं ते मागवाल्याला विचारा.

मी शीट नानांना दाखवली आणि म्हणालो, लोड १५ एचपीवर आणू. आठ मागांचे १२, कांड्या भरायच्या मशीनचे २, लाइट-पंख्याचा १. झालं.

नाना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन आला.

नानांचा प्रश्न

"लोड कमी केला आणि उद्या मोठी ऑर्डर आली तर? परत वाढवून देतील का लगेच?"

मला आधी वाटलं हा हट्ट आहे. मागची काही वर्षं ऑर्डर घटतच चालली आहे, आणि भंगारवाल्याने नेलेले माग काही परत येणार नाहीत. पण नीट विचार केल्यावर कळलं की प्रश्न बरोबर आहे.

भार कमी करणं सोपं असतं, वाढवणं तितकं नाही. वाढवायला पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, आणि तुमच्या भागातल्या ट्रान्सफॉर्मरवर जागा शिल्लक आहे का ते बघावं लागतं. नसेल तर काम लांबतं. म्हणजे मंजूर भार ही एक प्रकारची आरक्षित जागा आहे. ती सोडताना तिची किंमत धरली पाहिजे. माझ्या शीटमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता.

आणि खरं सांगायचं तर विषय फक्त ट्रान्सफॉर्मरचा नव्हता. या शहरात आधी हातमाग होते, १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, पुढे यंत्रमाग आले, आणि आमच्यासारखी शेकडो घरं त्याच्यावर उभी राहिली. ४० एचपीचा कागद नानांनी २४ माग चालू असताना मिळवला होता. तो १५ वर आणायचा म्हणजे स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं, की आता एवढंच उरलं. माग भंगारात देताना त्यांना इतका त्रास झाला नव्हता, कारण तेव्हा "जागा मोकळी करतोय" असं म्हणता आलं होतं.

मग मी दरांची रचना पुन्हा वाचली आणि माझीच चूक सापडली. रेषेखाली स्थिर आकार कनेक्शनमागे आहे, एचपीमागे नाही. मग १५ वर जायचंच कशाला? १५ घ्या की २६, आकार तोच. २६ एचपी म्हणजे १९.४ किलोवॅट, रेषेच्या आत. आजचे आठ माग, आणि वर आणखी सात मागांची जागा, फुकट.

नानांना सांगितलं, "नाना, सव्वीस घेऊ. सात माग अजून बसतील."

तिकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "सात बसतील होय? मग टाक की अर्ज."

इंजिनिअर म्हणून मी यातून एक धडा घेतला. मी कमीत कमी आकडा शोधत होतो. शोधायला हवा होता तो सर्वांत मोठा आकडा, जो रेषेच्या आत बसतो.

याची दुसरी बाजू पण बघा

एक, २६ एचपी मंजूर असताना रोज ३० ओढायचे, असं चालणार नाही. नवीन मीटर सगळं नोंदवतात. २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे एका आर्थिक वर्षात किमान तीन वेळा मंजूर भार ओलांडला गेला तरच तो वाढवता येतो. सवलत आहे, पण रेषा आहेच.

दोन, एकाच शेडमध्ये दोन नावांनी दोन कनेक्शनं घेऊन प्रत्येकी २७ च्या आत राहायची युक्ती काही लोक सांगतात. जागा, मशिनं आणि मालकी खरंच वेगळी नसेल तर हे अंगाशी येऊ शकतं. या वाटेला जाऊ नका.

तीन, रेषेच्या वर राहण्यात काहींचा फायदाही असतो. २०२३ च्याच नियमांनी १० किलोवॅटवरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून टीओडी दर आणायला सांगितलं. सूर्यप्रकाशाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी, गर्दीच्या तासांत नेहमीच्या किमान १.२ पट. नेमके तास राज्याचा आयोग ठरवतो. तुमचं काम बहुतेक दिवसा चालत असेल आणि बिलावर टीओडीची सूट दिसत असेल, तर ती सूट आणि मागणी आकार दोन्ही मांडून बघा. घाईने "साधं" करू नका.

पुढच्या खोलीचं काय? थ्री फेज की सिंगल फेज

शेडच्या पुढच्या भागात अक्काने एक खोली घेतली आहे. तिथून ती इन्स्टाग्रामवर चादरी विकते. पॅकिंग टेबल, लॅपटॉप, लेबल प्रिंटर, दोन पंखे, एक छोटा एसी. आतापर्यंत हे सगळं मागांच्या कनेक्शनवरच चालू होतं. बहुतेक शेडमध्ये असंच असतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

वावगं आहे. यंत्रमागाला सवलतीचा दर असतो, तो कापड विणण्यासाठी. त्याच विजेवर दुकान, ऑफिस, जिम किंवा क्लास चालवला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरू शकतो. आकारणी लागू दराच्या दुप्पट होते, आणि किती काळ वापर झाला हे ठरवता आलं नाही तर मागचे १२ महिने धरतात. सोलापुरात जुनी शेडं पाडून किंवा अर्धी करून गाळे काढणं चालू आहे. त्या प्रत्येकाने हे एकदा वाचावं.

अक्काच्या खोलीसाठी आम्ही वेगळं व्यापारी कनेक्शन मागितलं, सिंगल फेज. थ्री फेज म्हणजे तीन वायरमधून तीन वेगळ्या लयीत येणारी वीज. मोठ्या मोटरी त्यावर गुळगुळीत चालतात, म्हणून मागांना ती लागते. लॅपटॉप, पंखे, प्रिंटर, दीड टनाचा एसी यांना सिंगल फेजचे २३० व्होल्ट पुरतात. आहे म्हणून थ्री फेज घेण्यात अर्थ नाही. फक्त खोलीची वायरिंग शेडपासून पूर्ण वेगळी हवी, आणि ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचं.

घरातूनच धंदा करत असाल तर

हे खास तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आई कडक भाकरी, शेंगा चटणी करून विकते किंवा शिवणकाम करते त्यांच्यासाठी. आयोगाच्या दर-आदेशांत अशी तरतूद आहे की राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल, वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या वर्षभरात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. म्हणजे कुणी सांगतंय म्हणून लगेच व्यापारी मीटर घ्यायला पळू नका. आधी मागच्या वर्षाची युनिटं मोजा. सगळ्यात साधा मीटर तुमच्याकडे आधीच असू शकतो.

आता तुम्ही काय करायचं

१. बिल उघडा. १२ अंकी ग्राहक क्रमांक, मंजूर भार, दर संकेत आणि फेज, हे चार आकडे फोनमध्ये लिहून ठेवा.

२. मंजूर भार २० किलोवॅट किंवा २७ एचपीच्या वर आहे का बघा. असेल तर बिलावर करारातली मागणी आणि नोंदलेली मागणी शोधा. दोन्हींत मोठा फरक असेल तर तुम्ही न वापरलेल्या जागेचं भाडं भरताय.

३. फक्त एका महिन्यावर निर्णय घेऊ नका. वर्षभराची बिलं महावितरणच्या ॲपवर आणि वेबसाइटवर दिसतात. तुमच्या धंद्याचा सगळ्यात गर्दीचा महिना कोणता, त्या महिन्याची मागणी धरा.

४. प्रत्यक्ष मशिनं मोजा. प्रत्येक मोटरवर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर एचपी किंवा किलोवॅट लिहिलेलं असतं. फोटो काढून यादी करा. अर्जानंतर पाहणी होते तेव्हा ही यादी कामी येते.

५. भार कमी करणं, दर गट बदलणं आणि नवीन कनेक्शन, हे तीन वेगळे अर्ज आहेत. एकात दुसरं मिसळू नका. ऑनलाइन अर्ज केलात तर अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.

६. सुरक्षा ठेव विसरू नका. ती तुमच्या सरासरी बिलावरून ठरते. बिल कायमचं कमी झालं तर जास्तीची ठेव तुमच्या खात्यात वळती करून मागा.

७. अडलं तर १९१२ वर तक्रार. तिथे नाही सुटलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. तुमच्या बाजूने बोलणारी गोष्ट एकच: तारखेसह कागद.

हे सगळं वाचून "एवढं कोण करणार" असं वाटलं असेल तर एक सांगतो. आमच्या घरात हे करायला माझे दोन रविवार आणि नानांचे महिनाभराचे व्हिडिओ लागले. इंजिनिअरिंगची डिग्री फक्त धोट्याच्या उदाहरणापुरती कामी आली. बाकी सगळं बिलावर आणि आयोगाच्या आदेशात लिहिलेलंच होतं.

आमचा अर्ज गेला आहे, पाहणीही झाली. मोजणारा माणूस आला तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर होतो. त्याने आठ माग मोजले, मग शेडच्या मागच्या बाजूला मोकळ्या फरशीवर जुन्या मागांच्या पायांचे डाग आहेत तिकडे बघितलं आणि विचारलं, "इथे काय आहे?"

नाना म्हणाले, "सात मागांची जागा."